रा. रा. टचस्क्रीनराव यांस अनावृत पत्र

रा. रा. टचस्क्रीनराव,
मुक्काम डॅशबोर्ड, बरोबर मधोमध.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपण आमच्या गाडीत राहायला आलात आणि तेव्हापासून घरातली जुनी माणसं एकेक करून बेपत्ता व्हायला लागली. आधी एसीचा गोल खटका गेला. मग आवाज कमीजास्त करायची खुंटी गेली. वारा पायावर सोडायचा की काचेवर, हे ठरवणारी सरकपट्टी तर निरोपही न घेता गेली. चौकशी केली तेव्हा कळलं, सगळे आपल्याच पोटात आहेत. मेनू उघडा, सेटिंग्जमध्ये जा, 'क्लायमेट' दाबा, तिथे त्यांची भेट होते. भेटीची वेळ मात्र आपण ठरवणार.

शोरूममधला मुलगा आपली ओळख करून देताना भारावला होता. "सर, सव्वादहा इंच!" गाडीचं इंजिन किती सीसीचं आहे हे त्याला कागदात बघावं लागलं, पण आपले इंच तोंडपाठ होते. मी नगरचा माणूस, आता अहिल्यानगरचा. भिडस्तपणे मान हलवली आणि जादा पैसे मोजले.

आता एक विचारतो. आपण कधी नगर-मनमाड रस्त्याने गेला आहात का? शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर नव्हे, राहुरी सोडून कोल्हारच्या पुलाकडे जाताना, भर मे महिन्यात? समोरून कंटेनर, मागून शिर्डीला निघालेल्या भाविकांची गाडी हॉर्न वाजवतेय आणि मधे रस्ता म्हणून जे काही उरलंय ते. मला फक्त पंखा एक घर कमी करायचा होता. बोट पंख्याच्या चित्राकडे निघालं, वाटेत खड्डा आला आणि बोट उतरलं ते भलत्याच चौकोनावर. गाडीने मेहुण्याला फोन लावला. शेताच्या वाटणीपासून आमचं बोलणं बंद आहे. तो "हॅलो" म्हणाला, मी फोन बंद करायचा चौकोन शोधत होतो, आणि तेवढ्यात आपण अदबीने विचारलंत, हा नंबर आवडत्यांमध्ये ठेवायचा का?

जुन्या गाडीत हा प्रकार झाला नसता. खटक्याला धार होती, फिरवला की कट्कन आवाज यायचा, एक घर गेलं की बोटाला कळायचं. नजर रस्त्यावर आणि हात आपल्या कामावर. आपल्याला हात चालत नाही, डोळेच लागतात. आणि डोळे दोनच आहेत हो, तेही खड्ड्यांसाठी राखीव.

हे म्हाताऱ्याचं रडगाणं वाटत असेल तर स्वीडनला जाऊ. तिथल्या 'वी बिलेगारे' या मोटारींच्या मासिकाने 2022 मध्ये एक चाचणी घेतली. गाडी ताशी 110 किलोमीटरवर न्यायची आणि चालता चालता तापमान वाढवणं, रेडिओचं स्टेशन बदलणं, मीटरचा उजेड कमी करणं अशी साधी कामं करायची. 2005 च्या जुन्या व्होल्वो व्ही 70 मध्ये, जिथे बटणंच बटणं होती, ती 10 सेकंदांत उरकली. तेवढ्यात गाडी 306 मीटर गेली. एमजी मार्व्हल आर या आपल्या घराण्यातल्या नव्याकोऱ्या गाडीत त्याच कामांना 44.9 सेकंद लागले आणि गाडी 1372 मीटर पुढे गेली. स्वीडनच्या रस्त्यावर एवढ्या अंतरात फार तर एखादं हरीण येत असेल. आमच्याकडे उसाच्या दोन ट्रॉल्या, मागे दिवा नसलेली एक बैलगाडी आणि उलट्या बाजूने येणारा एक दुधवाला येतो.

दुधवाल्यावरून लुना आठवली. टचस्क्रीनराव, आपण ज्या जिल्ह्यात ही मस्ती चालवली आहे तो लुनाचा जिल्हा आहे, हे आपल्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. 1972 साली फिरोदियांच्या कायनेटिकने ती आणली, इटलीच्या पियाजिओच्या 'चाओ' गाडीवरून बेतलेली, 50 सीसीची मोपेड. दौंड रस्त्यावरच्या कारखान्यातून ती निघायची आणि मास्तर, नर्सबाई, पोस्टमन, दोन्ही बाजूंना किटल्या अडकवलेला गवळी, अशा सगळ्यांना घेऊन गावोगाव जायची. तिच्यावर नियंत्रणं म्हणावीत तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर, चोक, पेट्रोलचा कॉक. आणि पायडल.

त्या पायडलला लोक हसायचे. पण त्या एका वस्तूत किती सोयी होत्या बघा. स्टँडवर लावून पायडल मारलं की गाडी सुरू. चढ आला, मागे बायको आणि पुढे बाजाराची पिशवी असली की इंजिनाला पायाने हात द्यायचा. पेट्रोल संपलं तर सायकल समजून घरी. गाडी आणि माणूस तेव्हा एकमेकांना पर्याय होते. आपल्याला चालवायला माणसाचं काहीच लागत नाही, फक्त त्याचं लक्ष लागतं, आणि तेही सगळं.

पेट्रोलचा कॉक हा तर स्वतंत्र विषय आहे. गाडी आचके देऊ लागली की खाली न बघता हात घालून कॉक रिझर्व्हला फिरवायचा, चालत्या गाडीवर. पेट्रोल किती उरलंय हे सांगणारा काटा बहुतेकांकडे नव्हताच. टाकीचं झाकण उघडून, गाडी हलवून, डबडब ऐकून अंदाज घ्यायचा. आपण आता मला सांगता की अजून 43 किलोमीटर जाल. पुढच्या चढावर तेच 29 होतात. चेतकवाले तर आणखी वरचढ. सकाळी स्कूटर सुरू होईना की ती बाजूला आडवी करायची, थोडं थांबायचं, मग किक. गल्लीतली लहान पोरंही हा उपचार सांगायची. प्लग काढ, पुस, पॉलिश पेपर मार. कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय, फुंकर मार. बिघाड दिसायचा, हातात घेता यायचा. आपण बिघडलात की एक पांढरं वर्तुळ गरगर फिरतं आणि सर्व्हिस सेंटर म्हणतं, "सर, अपडेट आलेलं नाही."

कुणी म्हणेल, कायनेटिकनेच ऐंशीच्या दशकात होंडाबरोबर बटणावर सुरू होणारी बिनगिअरची स्कूटर आणली आणि किकेची सद्दी मोडायला सुरुवात केली. खरंच आहे. तेव्हाही म्हातारे म्हणाले होते की बॅटरी उतरली तर काय करणार. पण कायनेटिक होंडाने बटणासोबत किकही ठेवली होती. नव्याने जुन्याला हाकललं नव्हतं, शेजारी बसवलं होतं. एवढी रीत आपल्याला कुणी शिकवली नाही. 2024 मध्ये लुना परत आली, विजेवर. नाव तेच, पायडल नाही. आठवणी विकायला काढल्या की असंच होतं, नाव गिऱ्हाइकाला देतात आणि वस्तू ठेवून घेतात.

एस.टी.चंही ऐका. 1 जून 1948 रोजी पहिली एस.टी. पुण्याहून निघाली ती आमच्या नगरला आली. 74 वर्षांनी त्याच तारखेला, 1 जून 2022 रोजी, विजेवरची 'शिवाई' याच मार्गावर पहिल्यांदा धावली. शिवाईबद्दल माझी तक्रार नाही, पाठीला बरी आहे. पण जुन्या लाल गाडीत छताखालून एक दोरी जायची, तिच्या टोकाला ड्रायव्हरच्या डोक्याशी घंटी. एकदा ओढली की थांब, दोनदा ओढली की चल. गाडीत उभ्या माणसांची दाटी, कुणाच्या पिशवीत कोंबडी, कुणाच्या डोक्यावर मेथीची जुडी, कंडक्टर मागच्या दारात अडकलेला. तरी निरोप पुढे पोचायचा. दोरी तुटली तर दोरी बांधायची. अशा व्यवस्थेला 'युजर इंटरफेस' म्हणतात, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

नगरला या तर रणगाड्यांचं संग्रहालयही बघा, 1994 पासून आहे. रणगाड्यांतले लोखंडी दांडे बघितले की कळतं, जिथे जीव पणाला लागतो तिथे माणूस हाताच्या पकडीवर विसंबतो.

त्याचा उलटा दाखला अमेरिकी नौदलाने दिला आहे आणि इथे मला थट्टा सुचत नाही. ऑगस्ट 2017 मध्ये सिंगापूरजवळ 'यूएसएस जॉन एस. मॅककेन' या विनाशिकेची एका तेलवाहू जहाजाशी टक्कर झाली. दहा नौसैनिक गेले. सुकाणू आणि वेग सांभाळण्यासाठी तिथे आपलेच भाईबंद बसवले होते. कोणत्या पडद्याकडे कशाचा ताबा आहे, हे ऐन वेळी खलाशांना उमगलं नाही. चुका प्रशिक्षणाच्याही होत्या, सगळं खापर आपल्यावर फोडत नाही. पण 2019 मध्ये त्या नौदलाने आपल्या विनाशिकांवर हाताने ढकलायचे दांडे परत आणायचं ठरवलं.

मग आपण आलात तरी कसे? सोयीसाठी, असं जाहिरातीत लिहिलेलं असतं. माझी शंका वेगळी आहे. एका बटणाला साचा लागतो, स्प्रिंग लागते, वायर लागते, हजारो वेळा दाबून बघावं लागतं. अशी तीस बटणं नको असतील तर एक काच चिकटवायची आणि उरलेलं काम प्रोग्रामरवर सोडायचं. गाडी बदलली तरी काच तीच. म्हणजे काटकसर कंपनीची. त्या काटकसरीला ऐश्वर्य म्हणून आमच्या गळ्यात मारलं, आणि तेही 'टॉप मॉडेल'चे पैसे घेऊन! नगरच्या कापड बाजारातल्या मुरलेल्या व्यापाऱ्यांनाही हे जमलं नसतं.

जुनं सगळं सोनं होतं असं मी म्हणत नाही. चोक आत ढकलायचा राहिला की काळा धूर आणि पेट्रोलची नासाडी. उलटी बसलेली किक नडगीवर आयुष्यभराची खूण ठेवायची. पॉवर स्टिअरिंग नसलेला ट्रक वळवताना ड्रायव्हरचे खांदे जायचे. ते कुणाला परत हवं असेल तर त्याने खुशाल घ्यावं, मला नको. आपणही अगदीच टाकाऊ नाही. मागचा कॅमेरा दाखवता, नकाशा दाखवता, तेवढं चांगलं करता. दाखवायचं काम आपलं. फिरवायचं, ओढायचं, दाबायचं काम आमच्या हातांना परत द्या.

आपल्या माहेरच्या बातम्याही फारशा बऱ्या नाहीत. युरोपातल्या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅपने जानेवारी 2026 पासून नवे निकष आणले. इंडिकेटर, हॉर्न, वायपर, धोक्याचे दिवे आणि आपत्कालीन मदतीची हाक यांना हाताने चाचपता येणारी बटणं नसतील तर गुण कापले जाणार. फोक्सवॅगनचेही डिझाइनप्रमुख बटणं परत आणण्याची भाषा करू लागले आहेत. तेव्हा बाडबिस्तरा एकदम गुंडाळू नका, पण मधल्या जागेवरून थोडं सरकून बसा. वायपर आणि एसी तेवढे पोटातून बाहेर काढा, पावसाळा जवळ आलाय.

कळावे, लोभ असावा, स्पर्श नसावा.

आपला,
उजव्या हाताची तर्जनी पणाला लावलेला एक नगरकर

ता. क. : परवा आपण अचानक काळे पडलात. काय करावं ते माहितीपुस्तकात दिलेलं असतं म्हणून कप्पा उघडला, तर आत एक चिठ्ठी. कागद वाचवण्यासाठी माहितीपुस्तक आता पडद्यावरच उपलब्ध आहे.