कृतज्ञतेची कमाल मर्यादा

आमच्या हवालदारआबांच्या घरात सतरा शाली आहेत. नारळही सतराच आले होते, पण त्यांची वेळच्या वेळी चटणी झाली. शालीची चटणी होत नाही, म्हणून त्या लोखंडी ट्रंकेत घड्या घालून ठेवल्या आहेत. ट्रंक पलटणीतली, काळी, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर टाकलेली. चोवीस वर्षं तिच्यात आबांची देशसेवा राहिली, आता देशाची कृतज्ञता राहते. कृतज्ञतेला कसर लागू नये म्हणून वहिनी दर पावसाळ्यात डांबराच्या गोळ्या घालतात.

शाली येण्याचा हंगाम ठरलेला असतो. सव्वीस जानेवारी, एक मे, कारगिल विजय दिवस, पंधरा ऑगस्ट, गणेशोत्सवातला तिसरा दिवस आणि निवडणूक असेल तर आचारसंहिता लागण्याआधीची संध्याकाळ. आबा सातारा जिल्ह्यातले. या जिल्ह्यात सत्काराला माजी सैनिक शोधावा लागत नाही, हाक मारली की चार जण वळून बघतात. तिथल्या एका गावाचं नावच 'अपशिंगे मिलिटरी'. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान मारले गेले आणि इंग्रजांनी गावात स्मारकाची शिळा बसवली. इंग्रजांचा दोष काढायला आपल्याकडे विषय पुष्कळ आहेत, पण शिळा बसवण्यात ते चुकले नाहीत. कोणतंच सरकार चुकत नाही. दगडाला दरवर्षी फी भरावी लागत नाही.

फीचा विषय निघाला म्हणून सांगतो. आबा निवृत्तीनंतर एका शिक्षणसंस्थेच्या फाटकावर सुरक्षारक्षक आहेत. याच संस्थेच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांचा मुलगा शिकतो. संस्थेचे अध्यक्ष शिक्षणमहर्षी आहेत. पंधरा ऑगस्टला ते आबांना फाटकावरून व्यासपीठावर बोलावतात, सीमेवर जागणाऱ्या जवानामुळे आपण शांत झोपतो असं सांगतात, शाल घालतात आणि टाळ्या थांबल्या की पुन्हा फाटकावर पाठवतात. गेल्या वर्षी सोळा ऑगस्टला लेखा विभागाने फाटकावर एक यादी आणून दिली. फी थकलेल्या विद्यार्थ्यांना अंतर्गत परीक्षेसाठी आत सोडू नये, असा आदेश होता. यादीत तेवीस नावं होती. एकोणिसावं नाव आबांच्या मुलाचं.

आबांनी त्याला अडवलं. पलटणीत आदेश म्हणजे आदेश. पोरगा म्हणाला, ''अहो आबा, मी आहे!'' आबा म्हणाले, ''दिसतंय. ओळखपत्र दाखवा आणि बाजूला उभे राहा.''

त्या दिवशी संध्याकाळी आबा माझ्याकडे कागदांची पिशवी घेऊन आले. ''साहेब, तुम्ही पेपरात लिहिता. हे जरा वाचून सांगा.'' मी चष्मा लावला आणि सरकार सैनिकांच्या मुलांच्या शिक्षणाची किती काळजी घेतं, हे मला प्रथमच समजलं.

सरकार काही देत नाही असं कुणी म्हणेल तर ते खोटं आहे. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना २००६-०७ पासून आहे. माजी सैनिकांच्या आणि तटरक्षक दलातल्या निवृत्तांच्या मुलांसाठी दरवर्षी ५,५०० शिष्यवृत्त्या, निम्म्या मुलांना, निम्म्या मुलींना. २०१९ पासून मुलाला महिना २,५०० आणि मुलीला ३,००० रुपये. पैसा राष्ट्रीय संरक्षण निधीतून येतो. अट एवढीच की बारावीला किमान ६० टक्के हवेत. बाप सियाचीनला, आई शेतात आणि पोरगं तीन ठिकाणी बदल्या होऊन तीन माध्यमांत शिकलेलं, तरी साठ टक्के हवेतच. आबांच्या मुलाला बासष्ट होते. म्हणजे तो पात्र ठरला.

पण पात्र ठरणं आणि पत्र येणं यांत फरक आहे. अर्जदारांचे सहा प्राधान्यक्रम लावलेले असतात. पहिल्या क्रमांकावर युद्धात कामी आलेल्यांची मुलं. दुसऱ्यावर युद्धात अपंगत्व आलेल्यांची. मग सेवेत असताना वारलेले, सेवेत अपंगत्व आलेले, मग शौर्यपदकवाले. आणि सगळ्यात शेवटी, सहाव्या क्रमांकावर, साधे माजी सैनिक. या क्रमाला कुणी नाव ठेवू नये, तो न्याय्यच आहे. आबांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, ''म्हणजे साहेब, चोवीस वर्षं नोकरी करून मी धडधाकट परत आलो, ही चूक आपलीच.''

मुलाचं राहिलं, म्हणून मग नववीतल्या मुलीचं बघितलं. तिच्यासाठी वेगळं शैक्षणिक अनुदान आहे. हा पैसा सशस्त्र सेना ध्वजदिन निधीतून येतो. पूर्वी महिना एक हजार होते, १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना दोन हजार झाले. दुप्पट! दिवसाला सहासष्ट रुपये. सहासष्ट रुपयांत तीन वडापाव येतात, शिवाय चटणी फुकट. हे अनुदान हवालदार आणि त्याखालच्या हुद्द्यांसाठी आहे, त्यामुळे सरकारचा विश्वास असा दिसतो की खांद्यावर नायब सुभेदाराची पट्टी लागली की शाळा आपोआप फी माफ करते. मुलं दोनच. सियाचीनच्या थंडीला आणि शत्रूच्या गोळीला अपत्यक्रमांक विचारण्याची सवय नाही, पण अर्जाला आहे. आणि हा पैसा दुसरीकडून कुठून शिक्षणाचा पैसा मिळत नसेल तरच. एका पाठीवर दोन उपकार नकोत, पाठ वाकते.

सर्वांत सुंदर अट वेळेची. अर्ज करायचा तो मूल त्या वर्षी पास झाल्यावर. शाळा फी जूनमध्ये मागते. सरकार म्हणतं, आधी निकाल दाखवा. म्हणजे फी भरायला मदत हवी असेल तर आधी फी भरून, वर्षभर शिकून, पास होऊन या. जवानाला सांगावं की आधी लढाई जिंकून ये, मग बंदूक देतो. आबांनी मात्र तक्रार केली नाही. ते म्हणाले, सप्लाय उशिरा येतो, हे त्यांना पहिल्या पोस्टिंगपासून ठाऊक आहे.

आता कागदपत्रं. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा पीपीओ, माजी सैनिकाचं ओळखपत्र, आधार, बँकेचं पासबुक, शाळेचं बोनाफाईड, गुणपत्रिका. या सगळ्यांवर नाव सारखं हवं. आबांचं नाव ज्ञानदेव. भरतीच्या दिवशी उत्तरेकडच्या बाबूने ते कानाने ऐकून लिहिलं, म्हणून पलटणीच्या दप्तरात ते 'ग्यानदेव' आहेत. आधारकार्डावर 'ज्ञानदेव'. मुलीच्या शाळेने इंग्रजी स्पेलिंगवरून पुन्हा मराठी केलं, म्हणून तिच्या दाखल्यावर बापाचं नाव 'दन्यानदेव'. बँकेत 'डी. एन. देव', त्यामुळे बँकेच्या दृष्टीने ते देशस्थ ब्राह्मण असावेत. एक हवालदार चार जणांत वाटला गेला आहे आणि सरकार विचारतंय की यातला नक्की लढला कोण?

माउलींनी भिंत चालवली, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्यांना फाईल चालवायला सांगितली असती तर चांगदेवाला बरेच दिवस बाहेरच्या बाकावर बसावं लागलं असतं.

नावाचं प्रतिज्ञापत्र झालं. मग मुलीचं निघालं. लष्करात जवानाचं लग्न झालं, मूल झालं, की त्याची नोंद 'पार्ट टू ऑर्डर'ने पलटणीच्या दप्तरी व्हावी लागते. मुलगी झाली तेव्हा आबा बर्फात होते. गावाकडे पेढे वाटले गेले, तार-चिठ्ठी वर पोचेपर्यंत तुकडी खाली आली, आणि नोंद राहून गेली. आज मुलगी नववीत आहे, आईच्या खांद्याला लागली आहे, भांडी घासायला सांगितली की अभ्यास आठवतो इतकी खरी आहे. पण पलटणीच्या बेळगावातल्या रेकॉर्ड ऑफिसच्या हिशेबी ती अजून जन्मलेली नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातले कल्याण संघटक स्वतः माजी सुभेदार आहेत, भले गृहस्थ. ते म्हणाले, ''ज्ञानदेवराव, मला पोरगी दिसतेय हो. पोर्टलला दिसत नाही.'' हे दोन जुने सैनिक समोरासमोर बसून चहा पिताना मी पाहिले. दोघांनाही शत्रू कोण ते कळत होतं, पण तो खिडकीच्या अलीकडे नव्हता आणि पलीकडेही नव्हता.

हे सगळं जिवंत परतलेल्यांचं. जे परतले नाहीत त्यांच्याबाबत तरी सरकारचा हात सढळ असेल, असं मला वाटत होतं. आणि तो होताही. ढाक्यात शरणागती झाली १६ डिसेंबर १९७१ ला. दोनच दिवसांनी, १८ डिसेंबरला, लोकसभेत जाहीर झालं की युद्धात मारले गेलेल्या, बेपत्ता झालेल्या आणि कायमचं अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या मुलांचं शिक्षण सरकार करील. शिकवणीची फी, वसतिगृह, पुस्तकं, गणवेश, सगळं. विजयाचा गुलाल अंगावर होता तेव्हा कुणी आकडा विचारला नाही.

आकडा विचारायला पंचेचाळीस वर्षं लागली. २०१७ मध्ये सातव्या वेतन आयोगाच्या निमित्ताने आदेश निघाला, की फी आणि वसतिगृह मिळून महिना दहा हजारांच्या वर एक पैसाही मिळणार नाही. बाप गेला तेव्हा मर्यादा नव्हती, पोरगं मेडिकलला गेलं तेव्हा लागली. यातून किती बचत होणार, हे राज्यसभेत सांगण्यात आलं: वर्षाला ३ कोटी २० लाखांच्या आसपास. त्या वर्षीचं संरक्षणाचं अंदाजपत्रक होतं पावणेतीन लाख कोटींच्या घरात. घरातली कोट्यवधींची तिजोरी तशीच ठेवून देवासमोरच्या निरांजनातलं तेल काटकसरीने घालावं, तसला हा संसार.

मग नौदलप्रमुख ॲडमिरल सुनील लांबा यांना संरक्षणमंत्र्यांना पत्र लिहावं लागलं. ज्या माणसाने समुद्रावरच्या युद्धनौकांची चिंता करायची, त्याने पोरांच्या वसतिगृहाच्या बिलांची केली. मार्च २०१८ मध्ये मर्यादा उठली. सरकारने ती उठवली हे चांगलंच झालं, त्याबद्दल आभार. पण लावली कुणाच्या टेबलावर, हे मला अजून कळलेलं नाही. कुणीतरी सकाळी डबा घेऊन कार्यालयात गेलं असेल, पंखा लावला असेल, कॅल्क्युलेटर काढला असेल आणि देशाच्या कृतज्ञतेला दहा हजारांनी भागून बघितलं असेल. भागाकार बरोबर आला असेल. संध्याकाळी घरी जाताना कदाचित त्याने रेडिओवर देशभक्तीची गाणीही ऐकली असतील.

आणि त्या एकट्यालाच का बोलावं? मर्यादा आपल्या सगळ्यांचीच ठरलेली आहे. माझी स्वतःची दहा रुपये आहे. ७ डिसेंबरला ध्वजदिन असतो, १९४९ पासून. लाल, गडद निळा आणि फिकट निळा, भूदल, नौदल, हवाई दलाचा छोटासा ध्वज. माझ्या मुलीच्या शाळेतून डबा येतो, मी दहाची नोट टाकतो, ध्वज शर्टाला लावून फोटो काढतो आणि तिन्ही दलांना सलाम करतो. फोटोला नव्वद लोकांनी पसंती दिली की कृतज्ञतेचं वर्ष पूर्ण होतं. याच सदरात मी सैनिकांवर तीन लेख लिहिले आहेत आणि तिन्हींचं मानधन घेतलं आहे. महिना दोन हजारांपेक्षा ते जास्त होतं, आणि त्यासाठी मला मुलगी पास झाल्याचा दाखला द्यावा लागला नव्हता.

तर गेल्या ७ डिसेंबरला आबा फाईलची चौकशी करायला कार्यालयात गेले. मी बरोबर होतो. बेळगावहून उत्तर आलं होतं: मुलीच्या जन्माची नोंद घेता येईल, फक्त वडिलांच्या नावातली तफावत आधी दूर करावी. आबांनी मान डोलावली. तेवढ्यात टेबलामागचा तरुण लिपिक हसतमुखाने उठला. त्याने आबांच्या खिशावर टाचणीने ध्वज लावला आणि सीलबंद डबा पुढे केला. ''आबा, ध्वजनिधीला काहीतरी द्या. आमचं उद्दिष्ट यंदा मोठं आहे.''

मी कोपराने आबांना खुणावलं. याच निधीतून त्यांच्या मुलीचे दोन हजार यायचे होते. आबांनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. शंभराची नोट काढली, सरळ केली आणि दिली. ''पावती द्या,'' म्हणाले, ''पलटणीत शिकवलंय, दिल्याघेतल्याचा कागद ठेवावा.''

पावती तिथल्या तिथे मिळाली. जोडपत्र लागलं नाही, ओटीपी आला नाही, प्राधान्यक्रमही विचारला गेला नाही. लिपिकाने फाईलीवर एक नजर टाकून झोकदार अक्षरात नाव लिहिलं आणि शिक्का मारला.

बाहेर पायरीवर येऊन आबांनी ती उजेडात धरली, हाताएवढ्या अंतरावर नेली, मग हसत माझ्याकडे दिली. पावतीवर लिहिलं होतं: 'श्री. ज्ञानेश्वर.'

''बघा साहेब,'' आबा म्हणाले, ''पाचव्या खेपेला माउलीपर्यंत पोचलो.''