ग्रेनकाका

नायगाव स्टेशनात लोक विरार लोकलमध्ये कसे घुसतात हे ज्याने पाहिलंय, त्याला आमच्या इमारतीतले ग्रेनकाका कळायचे नाहीत. ते एक गाडी सोडतात, दुसरी सोडतात, तिसरीकडे नुसतं बघतात. कॅमेऱ्यातली फिल्मही त्यांच्याच वळणाची: इल्फर्डची पॅन एफ प्लस, वेग 50. आमचे मोबाइल काळोखातलं मांजर टिपतात; काकांचं दुकान ढग आला की बंद.

‘वेग कमी, तेवढा चांदीचा दाणा बारीक,’ हे त्यांनी मला लिफ्टमध्ये, जिन्यात आणि एका मयताच्या वेळीही ऐकवलंय.

छत्तीस फोटोंचा रोल ते लोणच्यासारखा पुरवतात. पण ही फिल्म वाट बघणारी नाही. तीन महिन्यांत धुतली नाही, तर उमटलेलं चित्र विरायला लागतं. त्यामुळे पहिल्या फ्रेममधल्या गणपतीचं संक्रांतीपर्यंत दुसरं विसर्जन होतं.

धुण्याच्या दिवशी घरातली बाथरूम जप्त. डेव्हलपर घरचाच: मेटॉल, हायड्रोक्विनोन, सल्फाइट आणि चिमूटभर टाकणखार. तो हवा 20 अंशांवर, आणि टँकरचं पाणी तिशीला टेकलेलं. मग कोळीवाड्यातून बर्फ येतो, पापलेटच्या शेजारून उठून आलेला. साडेआठ मिनिटं, दर मिनिटाला दहा सेकंद डबा उलटासुलटा. बाहेर काकू टॉवेल घेऊन उभ्या.

एकदा टँकर आलाच नाही. ‘खाऱ्या पाण्यात फिल्मवरचा हायपो उलट लवकर सुटतो,’ काका आतून म्हणाले, ‘खाडी जवळच आहे.’

‘मग आंघोळही तिथेच उरका,’ काकू म्हणाल्या.

परवा त्यांनी मला घरी ओढत नेलं. पंखा बंद, खिडक्या बंद, दोरीवर चिमट्याला ओली निगेटिव्ह. विषय अर्थातच मिठागर. संध्याकाळ, तिवई, छिद्र बारीक, शटर अर्धा सेकंद. भिंगातून पाहिलं. निगेटिव्हमध्ये मिठाची रास कोळशासारखी काळी, पण तिचा खडान् खडा सुटा दिसत होता.

‘मिठाचा कण दिसला पाहिजे, फिल्मचा नाही,’ काका पुटपुटले. ‘दिसतोय का ग्रेन?’

‘नाही. पण राशीमागे हे धुरकट काय आहे?’

काकांनी भिंग घेतलं, बराच वेळ पाहिलं.

‘ती होय? जेवायला बोलवायला आली होती. हलली.’