पाचशे लक्स

आमची गाडी अकरा वर्षांची. रविवारी बाहेर निघते, फार तर इच्छापूरच्या देवीला जाऊन येते, आणि उरलेला आठवडा गॅरेजात विश्रांती घेते. अशा गाडीसाठी मी पाचशे लक्स उजेडाची योजना का आखली, हे घरातल्या सगळ्यांनी आपापल्या आवाजात विचारून झालं आहे. खरं उत्तर मी कुणालाच दिलेलं नाही. मला बॉनेट उघडून उभं राहायला आवडतं.

निवृत्त माणूस सोफ्यावर बसला की रिकामटेकडा. तोच उघड्या बॉनेटपुढे हात मागे बांधून उभा राहिला की लोक म्हणतात, साहेबांनी गाडीचं काम काढलंय. मी बॉनेट उघडतो. इंजिन जागेवर असतं. डिपस्टिक काढून पुसतो, पुन्हा घालतो, पुन्हा काढतो, तेलाच्या रेघेकडे गंभीरपणे बघतो आणि बॉनेट बंद करतो. माझ्याकडे पान्यांचा संच आहे. भिंतीवर फळी ठोकून प्रत्येक पान्यामागे त्याचा आकार रंगवून ठेवलाय, म्हणजे एखादा पाना जागेवर नसला तर चटकन लक्षात यावं. अजून तशी वेळ आलेली नाही. सगळे पाने कायम जागेवर असतात.

एवढं सगळं चालायचं नऊ वॅटच्या एका बल्बखाली. तो उजाला योजनेतला. योजनेबद्दल माझी काही तक्रार नाही. ५ जानेवारी २०१५ ला ती सुरू झाली. त्याआधी, २०१४ मध्ये, सरकारी खरेदीत जो बल्ब ३१० रुपयांना पडत होता, तो २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. पण त्या बल्बखाली माझं कर्तृत्व रस्त्यावरून दिसत नसे. मोबाइलमध्ये उजेड मोजायचं एक ॲप घेतलं, बॉनेटवर ठेवलं. आकडा आला २८. भर उन्हात तोच आकडा लाखावर जातो म्हणे. माझ्या आयुष्यात काय कमी आहे ते मला त्या दिवशी आकड्यात कळलं.

मग हिशेब मांडला. एक लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर एक ल्युमेन. गॅरेज १८ बाय १० फूट, म्हणजे पावणेसतरा चौरस मीटर. बारीक कामाला ५०० लक्स असावेत असं सांगतात. तेल पुसणं हे बारीक काम आहे असं मी ठरवलं. झाले साडेआठ हजार ल्युमेन. पण त्यातला तिसरा हिस्सा भिंती, छत आणि धूळ खातात, म्हणून धरायचे तेरा हजार. वीस वॅटच्या एका ट्यूबचे साधारण दोन हजार. हिशेबाने साडेसहा ट्यूबा आल्या. अर्धी कोणी देत नाही, म्हणून सहा. खिडक्यांना देऊन उरलेला हिरवा ऑइलपेंट गॅरेजच्या भिंतींना फासला होता, त्यावर पांढरा रंग मारायचा. ट्यूबा छताच्या मधोमध लावायच्या नाहीत, कारण मग सगळा उजेड गाडीच्या टपावर पडतो आणि दारांशी अंधार राहतो. दोन्ही बाजूंना तीन-तीन, गाडी आणि भिंत यांच्या मधल्या जागेवर. बॉनेटवर वाकलं तरी आपलीच सावली इंजिनावर पडता कामा नये.

हा सावलीचा मुद्दा मी जेवताना आराखड्यासह समजावून सांगत होतो. सौ. भाजी वाढता वाढता म्हणाल्या, “अहो, माझी ट्यूब माझ्या पाठीमागे आहे. लग्न होऊन आल्यापासून मी माझ्या सावलीत भाजी चिरतेय.” मी त्याची नोंद घेतली आणि आराखडा पुढे चालू ठेवला.

दुकानात उजेडाच्या तीन जाती होत्या: व्हाइट, नॅचरल आणि वॉर्म. ६५००, ४००० आणि ३००० केल्व्हिन. मी विचारलं, “याचा सीआरआय किती?” म्हणजे या उजेडात रंग कितपत खरे दिसतात त्याचा शंभरातला आकडा. दुकानदाराने खोका उलटसुलट केला आणि छातीठोक सांगितलं, “काकाजी, सीआरआय काय, आयएसआय पण आहे.” मग मी काही बोललो नाही. सहा ट्यूबा घेतल्या, व्हाइट.

पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतो. आत दिवा निळा असतो, त्यावर पिवळसर लेप दिलेला असतो, दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं वाटतं. लाल एलईडी १९६२ पासून होता. चांगला तेजस्वी निळा यायला पुढची तीस वर्षं गेली. तो करणाऱ्या तिघांना, आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना, २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यातल्या नाकामुरांना त्यांच्या कंपनीने शोधाचं बक्षीस म्हणून दिले होते वीस हजार येन. पुढे ते कोर्टात गेले ही गोष्ट वेगळी. मी हे वायरमनला सांगितलं, म्हणजे मजुरी ठरवताना त्याने थोडं व्यापक दृष्टीने बघावं. तो म्हणाला, “त्यांना शिडीवर चढावं लागलं नसेल.”

वायरमन शिडीवर, दातांत वायर, कमरेला टेस्टर. खाली मी. अशा वेळी बुऱ्हाणपूरच्या माणसाकडून गप्प बसवत नाही. मी म्हणालो, “अरे, उजेडाचं नियोजन या गावाला नवीन नाही. आपला कुंडी भंडारा घे.” १६१५ चं बांधकाम. अब्दुर्रहीम खानखाना इथे सुभेदार होते, तेच ते दोहेवाले रहीम. तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने हेरलं की सातपुड्याच्या उतारावरून झिरपलेलं पाणी जमिनीखालून तापीकडे निघालेलं असतं. ते वाटेतच अडवून भुयारातून शहराकडे वळवलं. असे आठ भंडारे होते: मूळ भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण आणि बाकीचे. पंप नाही, मोटर नाही, विजेचं बिल नाही. नुसता उतार. भुयारावर ओळीने शंभराहून जास्त कुंड्या. कुंडी म्हणजे वरून विहीर दिसते, पण ती एकटी नसते, खाली सगळ्या एकमेकींना जोडलेल्या. त्यांतून पाणी शेंदायचं, त्यांतूनच खाली हवा जायची, आणि उजेड.

तो उजेड बघायला लिफ्टने सुमारे ऐंशी फूट खाली उतरावं लागतं. दुपारी ऊन कुंडीच्या तोंडातून सरळ खाली येतं आणि पाण्यावर गोल पडतं. दोन पावलं पुढे काळोख, मग पुढच्या कुंडीचा गोल, पुन्हा काळोख. पाण्यातल्या क्षारांचे थर साचून भिंती पांढुरक्या झाल्यात. माझं स्वतःचं मत असं, की त्यामुळेच उजेड बराच आतपर्यंत पोचतो. म्हणून तर मी हिरव्या भिंती पांढऱ्या करून घेतल्या. म्हणजे माझ्या गॅरेजची परंपरा थेट मोगल काळात जाते. २०२४ साली कुंडी भंडारा युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेला. ताजमहाल तर मुख्य यादीत कधीच गेलाय. आणि ताजमहालावर हक्क कुणाचा? मुमताजमहल गेली ती इथे, या बुऱ्हाणपुरात, १६३१ साली, चौदाव्या बाळंतपणात. तापीपलीकडे जैनाबादच्या आहुखान्यात तिला ठेवलं होतं, सहा महिने. मग आग्र्याला नेलं. ताज इथेच, तापीकाठी व्हायचा होता, हे आमच्याकडे पानवालासुद्धा सांगतो. का झाला नाही याची कारणं मात्र दर पानाला बदलतात. झाला असता तर आज या गल्लीत...

“काकाजी,” वरून आवाज आला, “मेन बंद केलंय ना?”

मी मेन बंद करून आलो.

संध्याकाळी मावा जिलेबी आणून उद्घाटन केलं. सहाही ट्यूबा एकदम पेटल्या. गाडीवरचा अकरा वर्षांचा प्रत्येक ओरखडा नावगावासकट दिसायला लागला. मी बॉनेट उघडून उभा राहिलो. ॲपवर आकडा ४७० च्या आसपास. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस वळून बघत होता, आणि मी कुणाकडेच बघत नाही असं दाखवत होतो. अर्ध्या तासात एक तरुण स्कूटर ढकलत आला आणि म्हणाला, “मागचं चाक आहे, ट्यूबलेस नाही.” मी त्याला हे खासगी गॅरेज असल्याचं सांगितलं. त्याने पान्यांच्या फळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, “मग मिस्त्री कधी येतो?”

शेजारचे लूमवाले चाचा आले. त्यांनी आधी मोबाइलचा कॅमेरा ट्यूबकडे धरून पडद्यावर काळ्या पट्ट्या सरकताना दाखवल्या. “ही लुकलुकतेय. आपल्याला दिसत नाही, एवढंच.” घरची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, त्यामुळे हलक्या ट्यूबचा उजेड सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतो. फिरतं चाक त्या तालात सापडलं तर उभं असल्यासारखं दिसतं, आणि उभं दिसतंय म्हणून कोणी हात घातला तर बोटं जातात. म्हणून त्यांच्या शेडमध्ये पूर्वी शेजारशेजारच्या ट्यूबा वेगवेगळ्या फेजवर टाकत: एकीचा उजेड उतरतो तेव्हा दुसरीचा चढलेला असतो. मग खिशातून मरून कापडाचा तुकडा काढून त्यांनी माझ्या बॉनेटवर पसरला. “लाल मेला यात,” चाचा म्हणाले आणि घडी घालून तुकडा खिशात ठेवला. त्यांच्याकडे रंग जुळवायचा तो सकाळी, अंगणात, उत्तरेकडच्या उजेडात. टॅव्हर्निये नावाचा फ्रेंच व्यापारी सतराव्या शतकात इथल्या पारदर्शक मलमलीबद्दल लिहून गेला. अशा गावात मी सीआरआय विचारत फिरत होतो. दुसऱ्या दिवशी थोडे जास्त पैसे देऊन, खोक्यावर ९० छापलेल्या ट्यूबा आणल्या. चाचा पुन्हा तुकडा घेऊन आले. “आता जिवंत आहे,” म्हणाले.

हे झालं आणि आई गॅरेजात आली. हातात तांदळाचं ताट. आईचं वय ८१. दोन वर्षांपूर्वी तिने तांदूळ निवडणं सोडलं, त्याआधी सुईत दोरा ओवणं, आणि गेल्या चातुर्मासात पोथी. “डोळे गेले रे,” एवढंच म्हणायची. मोतीबिंदू काढून झाला होता, चष्म्याचे नंबर बदलून झाले होते, डॉक्टर म्हणत होते डोळा ठीक आहे. ती गाडीच्या मागे खुर्ची टाकून बसली. ताटात बोट फिरवलं, एक खडा उचलला, माझ्यापुढे धरला. “हा बघ. काळा.” मग दुसरा. मग एक बारीकसा, तांदळाच्याच रंगाचा, जो मला दिसला नाही.

रात्री ती झोपल्यावर मी तिच्या खोलीत गेलो. पोथी वाचायची जागा पलंगाच्या भिंतीकडच्या टोकाला, आणि बल्ब कपाटाच्या आड. उशीवर मोबाइल ठेवला. १९. मी वाचलं होतं की साठीच्या माणसाच्या डोळ्यात आतपर्यंत पोचणारा उजेड विशीतल्या माणसाच्या तिसरा हिस्सा असतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळं पडतं. ऐंशीला काय राहत असेल? गॅरेजच्या छताचा, भिंतीच्या रंगाचा, बॉनेटवरच्या सावलीचा मी वहीची दोन पानं भरून हिशेब केला होता. ती वही तेव्हा माझ्या हातातच होती.

वायरमनला पुन्हा बोलावलं. स्वयंपाकघरात ओट्यावर, वरच्या कपाटाखाली एक पट्टी बसवली. सौ.नी चिरायचा पाट तिच्याखाली ठेवला, एक कांदा चिरून पाहिला आणि म्हणाल्या, “एवढंच होतं होय?” आईच्या खोलीत पलंगाच्या वर दोन ट्यूबा लावल्या, ४००० केल्व्हिनच्या, डोळ्याला न टोचणाऱ्या. त्या पेटवून मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, “छान आहे. पण मी तिथेच बसते. इथून रस्ता दिसत नाही.”

आता दुपारी चारनंतर गाडी बाहेर निंबाखाली उभी असते आणि गॅरेजात आई. तांदूळ, पोथी, शिवण. गल्लीतल्या बायका साडीला फॉल जुळवायला येतात, कारण चाचांनी शिफारस केलीय. माझ्या फळीवरचा बारा नंबरचा पाना एकदाचा जागेवरून हलला. आई त्याने सुपाऱ्या फोडते. त्याच्या रिकाम्या आकाराकडे बघून मला खरोखर चटकन लक्षात आलं. बिलाचाही वाद झाला. सहा ट्यूबा मिळून १२० वॅट, चार तास लावल्या तरी अर्धं युनिट, हे मी तिला कागदावर दाखवलं. तिने कागद वाचला, चष्म्याशिवाय वाचता येतंय म्हणून दोनदा वाचला, आणि तरी दोन ट्यूबा बंद करायला लावल्या.

स्कूटरवाले अजून येतात. मी दार लोटून घेऊ लागलो तर आईने अडवलं. येणाऱ्याला ती बसवते, पाणी देते, चाक मागचं की पुढचं ते विचारते आणि चौकातला पंक्चरवाला जास्त घेतो, नाक्यावरच्याकडे जा, असं सांगते. काल एक जण गेल्यावर तिने हिशेबाच्या सुरात मला हाक मारली.

“अरे, ते हवा भरायचं यंत्र केवढ्याला येतं?”