मोगलांच्या अंगणात संकष्टी

दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये संकष्टीच्या रात्री खगोलशास्त्राला बहर येतो. एरवी गाडी लावायला जागा हुडकत जमिनीकडे बघणारी मराठी माणसं त्या दिवशी मान वर करतात. या वसाहतीचे सहा भाग: झेन, मोगल, मेडिटेरेनियन, मेसोअमेरिकन, कंटेम्पररी आणि कॅक्टस. चंद्राला अर्घ्य द्यायला मोगलांच्या अंगणात उभं राहावं लागतं, पण परदेशात एवढं चालायचंच.

खरा घोळ वेळेचा. समजा, भिंतीवरच्या कालनिर्णयात मुंबईचा चंद्रोदय रात्री साडेनऊचा आहे. इथलं घड्याळ दीड तास मागे, म्हणून आमचे इंजिनियर (इथला मराठी माणूस इंजिनियर असतो, नसला तर इंजिनियरचा मेहुणा असतो) वजाबाकी करून ठीक आठ वाजता मोदकावर तूप सोडतात. चंद्र तेव्हा उगवलेला असतोच, फक्त मुंबईत! दीड तास हा सरकारांनी ठरवलेला हिशेब. पृथ्वीला 1 अंश फिरायला 4 मिनिटं लागतात. मुंबई-दुबईत साधारण 18 अंशांचं अंतर, म्हणजे 72 मिनिटं. तेवढ्यात चंद्रही दोन-तीन मिनिटं मागे रेंगाळतो. म्हणजे इथे तो सव्वानऊच्या आसपास उगवणार, अक्षांशामुळे थोडा मागेपुढे. तोवर मोदक पचलेले असतात.

बरं, उगवून तरी काय? समोरच्या इमारतीच्या गच्चीवर डोकं काढायला त्याला आणखी तासभर हवा. ‘इंटरस्टेलर’मध्ये एका ग्रहावरचा 1 तास म्हणजे पृथ्वीवरची 7 वर्षं होती. त्यासाठी तिथे कृष्णविवर लागलं. इथे साबुदाण्याची खिचडी संपलेली पुरते. दुसऱ्या दिवशी हेच गृहस्थ लिंक्डइनवर ‘रेझिलियन्स’वर चार परिच्छेद लिहितात. खिचडी, वेफर्स, राजगिऱ्याचे लाडू आणि दोन कप कॉफीचा उल्लेख त्यात नसतो.

उपवास सोडण्याच्या वेळेचा हा विषय याच शहराने किती सरळ सोडवलाय बघा. 2011 च्या रमजानात इथल्या मुफ्तींनी सांगितलं, की बुर्ज खलिफात 80 व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी रोजा 2 मिनिटं उशिरा सोडावा आणि 150 च्या वरच्यांनी 3 मिनिटं. उंचीवरून क्षितिज खाली जातं, सूर्य जास्त वेळ दिसतो. धर्म आणि भौतिकशास्त्र एकाच लिफ्टमधून वर गेले, भांडण नाही की मोर्चा नाही. गंमत म्हणजे त्याच नियमाने वरच्या मजल्यावर चंद्र लवकर दिसतो. म्हणजे तिथे शेजाऱ्याचा रोजा लांबतो आणि आपली संकष्टी आटोपते. पण बुर्जमध्ये घर घेण्याइतकं गणपतीने अजून कुणाला दिलेलं नाही.

चंद्राचंच काय, या देशाचं ‘होप’ यान 9 फेब्रुवारी 2021 रोजी थेट मंगळाच्या कक्षेत शिरलं. वार मंगळवार. चतुर्थी तेवढी हुकली, नाहीतर आम्ही त्याला अंगारकीचं पुण्य देऊन टाकलं असतं. यान तिकडे मंगळाची हवा मोजतंय आणि इकडे स्थळ आलं की आमचा पहिला प्रश्न, ‘मुलीला मंगळ आहे का हो?’

असो. पुढच्या संकष्टीला दुबईच्या चंद्रोदयाची वेळ वेगळी बघून ठेवा. दीड तासाची वजाबाकी आईला फोन करताना वापरा, तिथे ती बिनचूक चालते.