एका ट्रकचे तीन अॅव्हरेज

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, त्यामुळे आमच्याकडचे ट्रकमालक अॅव्हरेजवर झिंगतात. हिंगणघाटच्या कापूस बाजारात नाहीतर जामच्या ढाब्यावर चार मालक बसले, की पाऊस, भाव आणि निवडणूक हे विषय चहा येईपर्यंतच पुरतात. चहा आला, की एक जण हळूच म्हणतो, "माही गाडी साडेचार देऊन राह्यली." लिटरमागे साडेचार किलोमीटर, भरल्या गाडीनं. मग दुसऱ्याची पाच देते. तिसरा काही बोलत नाही, नुसता हसतो. त्याची साडेपाच देत असणार, असं बाकीच्यांनी समजून घ्यायचं असतं.

चौथा आमचा दादा, माझा मावसभाऊ. त्याची दहाचाकी सरकी, ढेप, कापसाच्या गाठी, मिळेल ते वाहते आणि चार देते. ढाब्यावरून तो घरी आला की वहिनी आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहते.

अशा माणसांसाठीच जगात अॅव्हरेज वाढवणाऱ्या डब्या तयार होतात. पहिली डबी काडेपेटीएवढी होती. गॅरेजवाले स्कॅनर जोडतात ते सोळा पिनांचं सॉकेट ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ असतं, त्यात ती खोचायची. विकणाऱ्यानं सांगितलं, की ही आधी काही किलोमीटर ड्रायव्हरची सवय शिकते आणि मग इंजिनाला शिकवते. दादाच्या ड्रायव्हरला, म्हणजे उस्तादला, हे पटलं नाही. "शेठ, माही सवय माह्या बायकोले अजून समजली नाही," तो म्हणाला. पण डबीत हिरवे-तांबडे दिवे लुकलुकत होते आणि उस्तादच्या केबिनमध्ये दिव्यांना कधीच मनाई नव्हती. दिवे देवळीपर्यंत लुकलुकले. मग वास आला. डबी कारच्या बारा व्होल्टची होती आणि ट्रकला असतात चोवीस. पॉलिटेक्निकला जाणाऱ्या भाच्यानं ती फोडली, तर आत दिवे आणि ते लुकलुकवणारी एक चिप. इंजिनाकडून निरोप आणणाऱ्या पिना कशालाच जोडलेल्या नव्हत्या. गाडीला तिच्या असण्याचाही पत्ता नव्हता आणि जळण्याचाही.

मधल्या काळात डिझेलच्या नळीवर बांधायचं लोहचुंबक येऊन गेलं. त्यावर काय बोलायचं? अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं इंधन वाचवणारी म्हणून विकली जाणारी शंभरावर साधनं तपासली आणि अॅव्हरेज ठळकपणे वाढवणारं त्यांत एकही सापडलं नाही. हे मी दादाला सांगितलं. "त्याईच्याकडे वर्ध्यासारखे रस्ते आहेत का?" त्यानं विचारलं. या युक्तिवादाला अमेरिकेकडेही उत्तर नसावं.

खरी मजा दुसऱ्या डबीनं केली, कारण ती खोटी नव्हती. पूर्वी गाडीला ताकद हवी असली की पंपवाल्याकडे जात. तो डिझेल पंपाचा एक स्क्रू पिळायचा, सायलेन्सरमधून काळा धूर निघायचा आणि धूर जितका काळा तितकी ताकद जास्त, असं मालक समजायचा. आता कॉमन रेल इंजिन आहे. एका जाड नळीत डिझेल हजार-दीड हजार बारच्या दाबानं कोंडलेलं असतं, तो दाब सेन्सर मोजतो आणि ईसीएम नावाच्या कंप्युटरला कळवतो. डबी या दोघांच्या मध्ये बसते आणि निरोप बदलते. दाब पुरेसा असताना "कमी आहे हो" असं सांगते. ईसीएम बिचारा सरळमार्गी. तो दाब वाढवतो, जादा डिझेल आत जातं आणि गाडी खरंच पळते. म्हणजे खोटं बोलून जास्त खाऊ घालणं, एवढंच हे तंत्रज्ञान.

पण गंमत पुढेच आहे. डॅशबोर्डवरचं अॅव्हरेज हाच ईसीएम काढतो आणि तेही त्याच फसव्या दाबावरून. आत गेलेलं जास्तीचं डिझेल त्याच्या हिशेबात येतच नाही. त्यामुळे डिझेल जास्त जळू लागलं त्याच दिवशी डॅशबोर्डनं पाचचा आकडा दाखवला. दादानं त्याचा फोटो काढला आणि ढाब्यावर गेला. त्या रात्री वहिनीनं कपाळाला हात लावला नाही.

आता उस्तादची बाजू. आमच्याकडे मालक फेरीचं डिझेल ठरलेल्या अॅव्हरेजनं देतो. चारच्या हिशेबानं दिलं आणि उस्तादनं पाय सांभाळून चालवून वाचवलं, तर उरलेलं उस्तादचं. कमी पडलं तर त्याच्या पगारातून. दादानं पाच पाहिले आणि डिझेल पाचच्या हिशेबानं द्यायला लागला. उस्तादनं परत येऊन सांगितलं, "शेठ, साडेतीन देऊन राह्यली." दादा म्हणाला, "डॅशबोर्ड खोटा बोलते का?" उस्ताद म्हणाला, "मंग मी बोलतो का?" मग पंपावरच्या पावत्या काढून टाकी फुल ते टाकी फुल असा हिशेब घातला. तो आला पावणेचारच्या आसपास. एका गाडीचे तीन अॅव्हरेज झाले आणि तिघांच्याही मागे कुणीतरी छातीठोकपणे उभं होतं. माझं मत विचाराल तर उस्तादनं पावभर स्वतःचा घातला होता. पण ते त्याच्या तोंडावर म्हणण्याइतका मी शूर नाही. डबी येण्यापूर्वी हा चारचा आकडा काय इंजिनानं ठरवला होता? तो दादा आणि उस्तादनं पानठेल्यावर ठरवला होता आणि दोघंही सुखी होते.

वर्ध्याला इंजिनावरच्या प्रयोगांचं वावडं नाही. जुन्या फोर्ड मोटारीला बैल जुंपून ती गांधीजींसाठी वापरत आणि तिला थट्टेनं 'ऑक्सफर्ड' म्हणत. त्या गाडीचं अॅव्हरेज कडब्यात मोजायचं, त्यामुळे वाद नसावा.

आमच्या गाडीनं मात्र गांधीमार्ग नको तिथे धरला. आर्वीहून सरकी भरून नागपूरला निघालेली गाडी तळेगावजवळच्या सत्याग्रही घाटात चढावर होती. उस्तादनं पाय दिला, दाब हद्दीपलीकडे गेला, तांबडा दिवा लागला आणि ईसीएमनं असहकार पुकारला. स्वतःला वाचवण्यासाठी इंजिन ताकद कापून टाकतं. मागे हॉर्नांची रांग आणि पुढे आमची दहाचाकी बैलांना लाज वाटेल अशा वेगानं. गंमत म्हणजे त्याच गाडीत कायद्यानं बसवलेला आणखी एक डबा आहे, स्पीड गव्हर्नर. तो ऐंशीच्या वर जाऊ देत नाही. एक डबी पळवायला, एक अडवायला, दोन्हींचे पैसे दादाचे.

सर्व्हिस सेंटरला नेण्याआधी दादानं डबी काढून गोदामात लपवली. तिथल्या पोरानं लॅपटॉप जोडला. चेहऱ्यावरची माशीही न हलू देता त्यानं इंजिनानं कोणत्या तारखेला ताकद कापली होती ते वाचून दाखवलं आणि वॉरंटीच्या कागदावर काट मारली. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ फुकट ऐकवलं: गाडीत परवानगीशिवाय फेरफार चालत नाहीत. "या मशिनीले सांगाले कोण गेलं होतं?" दादा मला खालच्या आवाजात विचारत होता.

डिझेल पुन्हा चारच्या हिशेबानं सुरू झालं. डबी हिंगणघाटच्या एका मालकानं निम्म्या किमतीत नेली. साडेपाचवाला तोच, जो नुसता हसायचा.

परवा दादाचा फोन आला. पाण्यातून हायड्रोजन काढून इंजिनात सोडायचं किट निघालंय म्हणे, डिझेल निम्म्यावर येतं. १९९६ मध्ये तामिळनाडूच्या रामर पिल्लै यांनी झाडपाल्यापासून पेट्रोल करण्याचा दावा केला होता आणि पुढे कोर्टानं त्यांना शिक्षा सुनावली, ही सगळी कथा मी त्याला सांगितली. त्यानं शांतपणे ऐकून घेतली.

"थे जाऊ दे," तो म्हणाला. "तू फक्त भाच्याले इचार, बोअरचं पाणी चालते का. आपल्या बोअरले क्षार लय हायेत."