स्थळाचे पेपर किती?

कढीपत्ता हवा म्हणून वहिनी कुंपणाशी आल्या खऱ्या, पण कढीपत्ता हे निमित्त.

"माई, पुतणीला स्थळ सांगून आलंय. मुलगा कॅनडात असतो, एडमंटनला. कॅन्सरवर संशोधन करतो म्हणे."

"अगंबाई! नवं औषध काढतोय?"

"छे हो. उपचार संपल्यावर पेशंटचं पुढे काय होतं, त्याचा अभ्यास. बायोडेटा चार पानी! उंची, गोत्र, पत्रिका पहिल्या पानावर आणि उरलेल्या तीन पानांवर नुसते पेपर. जाऊबाईंनी बोट ठेवून मोजले, बेचाळीस भरले."

"त्यात त्याचं नाव कितवं?"

"कितवं म्हणजे?"

माई कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या. बढतीच्या मोसमात प्राध्यापकांच्या असल्या याद्या त्यांनी ढिगाने पाहिल्यात.

"या विषयांत पहिलं नाव बहुधा राबणाऱ्याचं, शेवटचं साहेबांचं. मधली पंधरा-वीस म्हणजे लग्नपत्रिकेच्या तळाशी समस्त परिवार असतो ना, तो."

"पण एच-इंडेक्सपण लिहिलाय. अकरा."

"म्हणजे त्याचे अकरा पेपर असे, की प्रत्येकाचा हवाला दुसऱ्यांनी निदान अकरा वेळा दिलाय. हर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने २००५ साली काढलेली युक्ती. तो आकडा कधी कमी होत नाही, वयासारखा वाढतच जातो. त्यावरून जावई निवडायचा असेल तर साठीचाच बघा."

वहिनींना हे फारसं रुचलं नाही. बेचाळीस हा आकडा त्यांचा सकाळपासून तीन घरी सांगून झाला होता.

"बरं, एडमंटन म्हणालात ना?" माईंनी गाडी वळवली. "तिथल्या अल्बर्टा विद्यापीठात केरी कोर्निया म्हणून प्राध्यापक आहेत. कॅन्सरचे डॉक्टर नव्हेत, व्यायाम आणि खेळ शिकवणाऱ्या विभागातले. तुमच्या यांचं, भाऊंचं, आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हा मी त्यांचं काम शोधून वाचलं. पेपर शेकड्यांनी आहेत, पण एकाचीच गोष्ट सांगते. २००८ साली त्यांनी आणि सोबतच्यांनी नुसता बेत छापला : मोठ्या आतड्याचा कॅन्सर, ऑपरेशन झालेलं, केमो संपलेली, अशा माणसांना व्यायाम करायला लावायचा आणि आजार उलटतो का ते पाहायचं. २००९ पासून पेशंट घ्यायला लागले. निकाल छापून आला २०२५ च्या जूनमध्ये."

"सतरा वर्षं? एका पेपरला?"

"मग! सहा देश, ५५ केंद्रं, ८८९ माणसं. निम्म्यांना व्यायामाची आणि खाण्यापिण्याची माहितीपत्रकं दिली..."

"आपल्याकडेही देतात. आमची फ्रिजवर लावलीयेत."

"...आणि निम्म्यांच्या मागे माणूस लावला, तीन वर्षं. पहिले सहा महिने दर पंधरा दिवसांनी भेट, मग भेटून नाहीतर फोनवरून टुमणं. जिम लागत नव्हती. आठवड्यातून तीन-चारदा पाऊण तास ते तासभर झपाझप चालणं, एवढंही पुरत होतं. पाच वर्षांनी पाहिलं तर व्यायामवाल्यांतले शंभरात ऐंशी जण कॅन्सर न उलटता जगत होते, पत्रकवाल्यांतले चौऱ्याहत्तर. आठ वर्षांनी हयात किती? नव्वद, आणि इकडे त्र्याऐंशी."

वहिनी गप्प. हे क्वचित होतं.

"गुडघेबिडघे नाही दुखले कुणाचे?" त्यांनी अखेर विचारलं.

"दुखले ना. स्नायू-सांध्यांच्या तक्रारी व्यायामवाल्यांत जास्तच, शंभरात अठरा-एकोणीस. पत्रकवाल्यांत अकरा-बारा. तेही छापलंय. मला या माणसाचं तेच आवडतं. २००७ साली स्तनाच्या कॅन्सरच्या २४२ बायकांवर एक अभ्यास केला होता, केमो चालू असतानाच व्यायाम. एकूण जगणं सुसह्य होईल अशी अपेक्षा होती, पण त्यात म्हणावा असा फरक दिसला नाही. मात्र वजनं उचलणाऱ्या बायकांना केमोचा ठरलेला डोस जास्त पुरा करता आला. शोधायला गेले एक, हाती आलं दुसरं, आणि दोन्ही सरळ लिहून टाकलं. बायोडेटात हे कसं मोजणार?"

"म्हणजे त्या मुलाला नाही म्हणू?"

"नाही कशाला? बेचाळिसांतला कुठला पेपर स्वतःचा वाटतो, ते विचारा. अडखळला तर मग बघू. आणि आता भाऊंचं सांगा. केमो संपून किती झाले?"

"चार महिने. पण माई, यांना आम्ही काही करू देत नाही हो! पाणीसुद्धा हातात. नणंद दर रविवारी डिंकाचे लाडू आणते. दिवसभर टीव्हीसमोर आराम."

"तिकडेही केमो संपल्यावर दोन ते सहा महिन्यांतलीच माणसं घेतली होती. भाऊ अगदी त्यात बसतात."

"पण डॉक्टर काही बोलले नाहीत चालण्याचं."

"तुम्ही विचारलंत? नाही ना? मग पुढच्या तपासणीला विचारा. औषधं, तपासण्या काही सोडायचं नाही; चालणं त्यांच्या जोडीला, त्यांच्या जागी नव्हे. डॉक्टर हो म्हणाले की भाऊंना सकाळी सहाला फाटकाशी उभं करा, आमचे हे बरोबर येतील. आणि नणंदेला सांगा, लाडू आणायचेच असतील तर चालत येऊन आण."