देवीचा पलंग आणि आमची खाट

हुबळीच्या दाजीबानपेठेतल्या आमच्या घरात एक सागवानी खाट आहे. तिच्यावर माणूस झोपलेला मी कधी पाहिला नाही. तिच्यावर गाद्या झोपतात. आजेसासूबाईंची म्हणून ती टाकवत नाही. गेल्या वर्षी सुतार आला, पाय हलवून पाहिले आणि म्हणाला, "ह्या मंचाला आता सोडा, अक्का." कन्नडात खाटेला मंच म्हणतात. मराठीत मंचावर पुढारी बसतात. डुगडुगणं दोन्हीकडे सारखंच.

पेठेत तुळजाभवानीचं देऊळ आहे, सोमवंश सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाचं, म्हणजे मूळच्या रेशीम विणणाऱ्या पट्टेगारांचं. नवरात्र आलं की माझं मन मात्र तुळजापूरच्या देवीच्या सामानसुमानाकडे धावतं. तिथं देवीच्या झोपेचंही वेळापत्रक आहे. भाद्रपदात नवरात्राआधी घोरनिद्रा, दसऱ्यानंतर कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा, पौषात शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. पहिली आणि तिसरी शास्त्री सांगतील. श्रमनिद्रा कुठल्याही घरच्या बाईला न सांगता कळते. महिषासुर नसला तरी नऊ दिवस पाहुणे असतातच की!

तिथली मूर्ती चल आहे. सीमोल्लंघनाला तिला 108 साड्यांत गुंडाळून पालखीत बसवतात, पिंपळाच्या पाराभोवती फिरवतात आणि मग पलंगावर निजवतात. पालखी येते अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून, पलंग पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावहून, गावोगाव पूजा घेत. दरवर्षी नवी पालखी, नवा पलंग. जुनं झालेलं लाकूड होमकुंडात जातं. आजेसासूबाईंचं म्हणून कोणी माळ्यावर ठेवत नाही.

देवाच्या सामानाचा असा विचार विलायतेतही झाला. तिकडे विल्यम मॉरिस कारखान्यांच्या मालाला विटला आणि हातकाम वाचावं म्हणून लिहीत, बोलत, विणत राहिला. 1896 साली तो गेला. त्याच्या विचारांनी भारलेल्या पर्सी डिअरमर नावाच्या पाद्र्यानं 1899 साली देवळातल्या सामानावर आणि पूजाविधींवर एक पुस्तकच काढलं. त्याचा आग्रह असा की, ईस्टरआधीच्या उपवासकाळात वेदी आणि मूर्ती ब्लीच न केलेल्या कोऱ्या लिननच्या कापडानं झाकाव्यात. त्यावर लाल-काळ्या रंगात खिळे, भाला, काट्यांचा मुकुट. आपल्या भाषेत सांगायचं तर देवाला मांजरपाट! ईस्टर उजाडला की पुन्हा रंग आणि जर. शिवाय मजुराला पिळून शिवलेलं वस्त्र देवापुढं नको, हेही त्यानं ठणकावलं. पट्टेगारांच्या पेठेत राहून मला हा पाद्री आपलाच वाटतो.

पण एका बाबतीत मी तुळजापूरच्या बाजूची. ते मांजरपाट उरलेलं वर्ष पेटीत घडी होऊन पडणार. त्याला डांबराच्या गोळ्या घातल्या की झालं. पलंग जळतो, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा कुणाला तरी रंधा हातात घ्यावा लागतो, पोराला सांधा कसा बसवायचा ते दाखवावं लागतं. ज्यासाठी मॉरिसला व्याख्यानं झोडावी लागली, ते इथं होमकुंड बिनबोभाट करून घेतं.

एवढं कळूनही आमच्या खाटेला काडी लावायचा धीर मला झाला नाही. परवा सुताराला पुन्हा बोलावलं. त्यानं दोन पाय नवे बसवले, मजुरी घेतली आणि जाताना गाद्या उचलून पुन्हा खाटेवर ठेवायला हातही लावला.